छातीवर कॅमेरा लावून सेवा कशी करावी

रस्त्यावर झोपणाऱ्या माणसांसाठी काहीतरी करावं असं तुमच्या मनात आलंय ना? उत्तम. मग आधी छातीवर कॅमेरा लावा. औषधांची पिशवी, पाण्याची बाटली, चादर हे सगळं नंतर. हात मोकळे राहिले तर.

आमच्याकडे ही सुधारणा नुकतीच झाली. रात्रीच्या फेरीला निघताना प्रत्येकाच्या हातात एक काळा ठोकळा आला. सोबत एक कागद, त्यावर कॅमेरा वापरण्याची पाच कारणं: पारदर्शकता, कार्यकर्त्यांची सुरक्षा, प्रशिक्षण, तक्रार निवारण आणि पुन्हा एकदा पारदर्शकता. दोनदा का, ते मी विचारलं नाही. विचारणाऱ्याला त्या दुरुस्तीच्या समितीवर घेतात. तर त्या अनुभवाच्या जोरावर हे चार सल्ले.

कॅमेरा छातीच्या बरोबर मध्यावर लावा. उभे राहिलात तर पायाशी झोपलेला माणूस वरून दिसतो, पंचनाम्याच्या फोटोत दिसावा तसा. त्याच्याशेजारी उकिडवे बसलात तर त्याचा चेहरा भिंगापासून हातभर अंतरावर येतो. पडलेले दात, डोळ्यांतली चिपडं, सगळं स्वच्छ. तुमचा स्वतःचा चेहरा त्यात कुठेच येत नाही, त्यामुळे केस विंचरले नसतील तरी चालतं.

बॅटरी पूर्ण चार्ज करूनच निघा. प्रथमोपचाराच्या पेटीतलं सामान संपलंय का, ते पुढच्या फेरीला बघू.

परवानगी मात्र न चुकता घ्या. झोपलेल्या माणसाला हलवून उठवायचं आणि विचारायचं, "काका, हे चालू आहे हं, चालेल ना?" रात्रीचे साडेअकरा वाजलेत, अंगात ताप आहे, आणि गोळी तुमच्या पिशवीत आहे. तो काय म्हणणार? नको म्हटलं तर गोळी मिळेल की नाही हे त्याला ठाऊक नसतं, आणि ते आपणहून सांगा असं त्या कागदात कुठे लिहिलेलं नाही. म्हणून तर शंभर टक्के लोक परवानगी देतात! दारूच्या अमलात एखाद्याने मान डोलावली, तीही संमतीच. शिवाय यातल्या बऱ्याच यंत्रांना एक चांगली खोड असते. बटण दाबायच्या आधीची अर्ध्या-एक मिनिटाची दृश्यं ती आपणहून राखून ठेवतात, बहुधा आवाजाशिवाय. यंत्र मुळात पोलिसांसाठी बनलेलं. झटापट सुरू झाली की बटण दाबायला उशीर होतो, म्हणून ही सोय. आपल्या कामात तिचा उपयोग असा की, माणूस ‘हो’ म्हणाला की ‘हो’ म्हणायच्या आधी तो अंगावरचं पांघरूण कसं सावरत होता, तेही आत जातं. आता समजा, समोर नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेली एखादी ताई आहे. तिचा चेहरा, ती झोपते तो कोपरा, तारीख, वेळ, काही यंत्रांत तर जीपीएसने ठिकाणसुद्धा. उद्या कोर्टाने फुटेज मागितलं तर संस्था नाही म्हणू शकेल? हे त्या ताईला कोण सांगतं? मी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगता? आणि सांगितलंत तर ती तुमच्याशी एक शब्द तरी बोलेल का?

चेहरे धूसर करायचं काम नव्या इंटर्नला द्या.

कुणी शंका काढलीच तर अभ्यासाचा हवाला द्या. कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो शहरात 2012 साली पोलिसांना कॅमेरे लावले आणि बळाचा वापर आणि तक्रारी, दोन्ही बरेच घटले. हे ठासून सांगा. वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांवर पोलिसांवर तोच प्रयोग झाला आणि 2017 साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत दखल घ्यावी असा फरक दिसला नाही, हे सांगायची गरज नाही. आणि दोन्ही प्रयोग पोलिसांवर होते, हे तर अजिबात बोलू नका. पोलिसाच्या कमरेला पिस्तूल असतं. त्याच्यावर नजर हवीच. 2014 साली अमेरिकेतल्याच अल्बुकर्की शहरात डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम करणाऱ्या जेम्स बॉइड या बेघर माणसाला पोलिसांनी गोळ्या घातल्या. तो पाठ वळवत होता, हे जगाला कळलं ते पोलिसाच्याच हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यामुळे. दोघांवर खुनाचा खटला उभा राहिला, ज्युरीचं एकमत झालं नाही, पुढे आरोप मागे घेतले गेले. पण निदान बघायला काहीतरी होतं. तिथे कॅमेरा हत्यारवाल्याचा हिशेब ठेवत होता. माझ्या कमरेला काय असतं? बँडेजची गुंडाळी. मग माझ्या छातीवरचा कॅमेरा कुणाचा हिशेब ठेवतोय?

जाऊ दे. आता सरळच सांगतो.

एक काका आहेत. पहिला महिना मी गेलो की ते कूस बदलायचे. दुसऱ्या महिन्यात "ठेव तिथे" एवढं म्हणाले. तिसऱ्या महिन्यात नाव सांगितलं. झोपेत कुणी चोरू नये म्हणून चपला सुतळीने घोट्याला बांधून झोपतात. त्याच घोट्याच्या वर जखम होती, तिची पट्टी मी बदलत होतो. त्या रात्री जुनी पट्टी अर्धी सोडली आणि ते थांबले. माझ्याकडे बघतच नव्हते. छातीवरच्या लाल दिव्याकडे बघत होते.

"हे काय?"

"काही नाही काका, ऑफिसचं आहे."

"बंद कर."

माझा हात बटणाकडे गेला. मागून आमचे प्रमुख म्हणाले, संवाद सुरू असताना बंद करता येत नाही, नियम आहे. आणि मी हात खाली घेतला. काकांनी अर्धी सुटलेली पट्टी तशीच पायाला गुंडाळली आणि प्लास्टिकचा कागद डोक्यावरून ओढून घेतला.

पुढच्या मीटिंगमध्ये तो तुकडा पडद्यावर आला. खाली ओळ होती, ‘लाभार्थ्याचा असहकार’. अहो, असहकार कुणाचा? तीन महिने वाट बघून बोलायला लागलेल्या माणसाचा? ज्याला ओढून घ्यायला दार नाही, तो प्लास्टिक ओढून घेतो, आणि तुम्ही ते देणगीदारांना मोठ्या पडद्यावर दाखवता? काकांना विचारलं होतं? सुरक्षा कुणाची म्हणता? इतकी वर्षं फेरीला जातोय, माझ्यावर कुणी हात उगारलेला नाही. कार्यकर्त्यांची एवढीच काळजी असेल तर रात्री दोन माणसं जास्त द्या. ती मागून मागून थकलो. त्यांच्यासाठी पैसा नाही आणि ठोकळ्यांसाठी आहे, हे कसं? लाज वाटू द्या थोडी. मलाही वाटते, कारण बटण दाबायला मला नियमाची नाही, बोटाची गरज होती.

काका आता त्या जागेवर नाहीत. जखम ओली होती. सुतळीने घोट्याला चपला बांधून झोपलेलं कुणी दिसलं तर मला कळवा. आणि त्यांच्याजवळ जाताना तो ठोकळा काढून जा.