हे अंशतः खरे आहे

गेल्या महिन्यात आत्याकडे गेलो होतो. फ्रीजवर लाइटबिलाच्या ढिगात एक प्लास्टिकची फाइल होती. आत रेशनकार्डाच्या चार झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो आणि अँजिओग्राफीचा रिपोर्ट. रिपोर्टवरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. डॉक्टरांनी स्टेंट टाकून घ्या, फार लांबवू नका, असं स्पष्ट सांगितलेलं. "मग अजून का नाही टाकला?" तर आत्या म्हणते, "साहेबांचं पत्र यायचंय ना."

साहेब म्हणजे तालुक्याचे आमदार. पत्र म्हणजे कसलं, हे तिला माहीत नव्हतं. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं होतं.

तो मेसेज मलाही आला होता. आमच्या भावकीच्या ग्रुपवर आत्याच्या मुलानेच टाकलेला. "कार्यसम्राट आमदारसाहेबांची वर्षपूर्ती" असं ठळक शीर्षक, खाली हिरव्या टिकांची रांग, शेवटी हात जोडलेले आणि "जास्तीत जास्त शेअर करा". सोबत चकचकीत पीडीएफ. मी अंगठ्याने वर सरकवून पुढे गेलो. आत्याने मात्र चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचला. तुमच्याकडेही आला असेलच, फक्त साहेबांचं नाव आणि जाकिटाचा रंग वेगळा.

मेसेजचं म्हणणं असं: साहेबांनी वर्षात मतदारसंघात हजार कोटी आणले, स्वतःच्या निधीतून गावोगाव सभामंडप आणि हायमास्ट दिवे दिले, हजारो लोकांना दाखले आणि रेशनकार्डं मिळवून दिली, साहेबांच्या पत्रावर शेकडो गरिबांची मोफत ऑपरेशनं झाली, पत्राशिवाय दवाखान्यात योजना लागू होत नाही, तरी संपर्क कार्यालयात यावे, आणि अधिवेशनात मतदारसंघाचा आवाज दणाणून सोडला.

विधानसभेत तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्र्याने सभागृहात उत्तर द्यायचं असा प्रश्न, विचारायची एक ठरलेली भाषा आहे. सदस्य विचारतो, "अमुक झाले, हे खरे आहे काय?" मंत्री उत्तर देतो, "हे खरे आहे", "हे खरे नाही" किंवा सगळ्यात लाडकं उत्तर, "हे अंशतः खरे आहे". त्याच भाषेत सांगतो. क्रम मात्र माझा, कारण सगळ्यात आधी पत्राचं बघायचंय.

पत्राशिवाय योजना लागू होत नाही, हे खरे आहे काय?

हे खरे नाही. हे धादांत खोटं आहे, आणि माणूस मारणारं आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ ला नाव बदललं, आणि आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. योजनेत असलेल्या दवाखान्याला अंगीकृत रुग्णालय म्हणतात. तिथे तळमजल्यावर आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचे कागद त्या टेबलावर द्यायचे. कागद ऑनलाइन वर जातात, मंजुरी येते, ऑपरेशन होतं. टोल फ्री नंबर १५५३८८. या सगळ्या साखळीत आमदार नावाची कडीच नाही. ना फॉर्मवर, ना संगणकावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याला घेऊन जिल्ह्याच्या गावी गेलो. मेडिकलच्या शेजारी प्लायवूडचं टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि वायरीला लटकणारा कॅमेरा, मागे पंचविशीतली एक मुलगी. "आजी, रेशनकार्ड ओरिजिनल आणलंय का? इकडं बघा, फोटो काढते." आत्याने पदर सारखा केला आणि घाबरत विचारलं, "ताई, पत्र नाही मिळालं अजून, चालेल का?" मुलगी कीबोर्डवरून मान वर न करता म्हणाली, "कसलं पत्र?" मग माझ्याकडे बघून, "रोज दोघं-तिघं तरी हेच विचारतात हो."

मंजुरी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. त्याआधीच्या तीन आठवड्यांत आत्या दोनदा एसटीने तालुक्याला जाऊन आली होती. संपर्क कार्यालयात एकदा "साहेब मुंबईला आहेत", एकदा "सोमवारी या, लेटरहेड संपलंय". हृदयाच्या नळीत अडथळा घेऊन बासष्ट वर्षांची बाई लेटरहेड छापून यायची वाट बघत होती. भावाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणतो, "अरे, पण मेसेज चांगल्या हेतूनेच टाकला होता ना." तुझी आई आहे रे ती!

आता जे अंशतः खरं आहे तेही सांगतो, नाइलाजाने. आमदाराच्या पीएचा फोन गेला की दवाखान्याचा सूर बदलतो. "ही केस योजनेत बसत नाही, पन्नास हजार भरा" म्हणणारा काउंटर फोननंतर "बघतो साहेब" म्हणायला लागतो. शहरातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांतही तेच. तिथे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने ती योजनाच लागू झालेली आहे. तरी खाट रिकामी आहे का विचारलं की फुल्ल, आणि फोन गेला की रिकामी. म्हणजे फोनाचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण जी गोष्ट कायद्याने तुमची आहे ती फोनाशिवाय मिळत नसेल, तर त्यावर सभागृहात लक्षवेधी सूचना मांडून मंत्र्याला जाब विचारायचा की वर्षअखेर "इतके फोन केले" म्हणून टिक लावायची?

हजारो दाखले मिळवून दिले, हे खरे आहे काय?

दाखले मिळाले असतील. मिळवून दिले, हे खरे नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नावाचा कायदा आहे. तो वाचायला वकील लागत नाही, मराठीतच आहे. प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी ठरलेला. उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवस. अर्जाची पोच घ्यायची, तिच्यावर नंबर असतो. मुदतीत दाखला आला नाही किंवा विनाकारण नाकारला, तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, मग दुसरं, त्यानंतर थेट राज्य लोकसेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड, आणि तो त्याने स्वतःच्या खिशातून भरायचा.

कायद्याच्या नावात "हक्क" हा शब्द आहे, आणि मेसेजमध्ये "मिळवून दिले" आहे. या दोन शब्दांतच सगळं भांडण आहे. हा कायदा विधिमंडळानेच केला. म्हणजे आमदारांनी एकदा बसून जे सगळ्यांना देऊन टाकलं, तेच आता एकेकाला हातात देताना फोटो काढायचे!

गावात शिबिर लावलं की लोकांची एक खेप आणि एका दिवसाचा रोज वाचतो, हे मान्य. आमच्याकडे सर्व्हर डाउन असला की सेतूवाला सरळ कुलूप लावून चहाला जातो, त्यापेक्षा शिबिर बरंच. पण तिथे टेबलामागे बसलेले तलाठी आणि नायब तहसीलदार शासनाचे, आणि मांडवाचा खर्चही बहुतेक वेळा शासनाचाच. साहेबांचा असतो तो बॅनर.

स्वतःच्या निधीतून दिले, हे खरे आहे काय?

स्वतःच्या? आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाचे वर्षाला पाच कोटी असतात. २०२० पर्यंत दोन होते, वाढत वाढत २०२२ ला पाच झाले. ते आमदाराच्या खात्यात येत नाहीत, जिल्हाधिकाऱ्यांकडे राहतात. आमदार काम सुचवतो, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात, काम बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद करते. (याच्या उलटा मेसेजही फिरतो, की आमदाराला पाच कोटी रोख मिळतात आणि तो ते खिशात घालतो. तोही तितकाच बिनडोक आहे. कमिशन कुठे खाल्लं जातं ते वेगळं, पण त्याला पुरावा लागतो, फॉरवर्ड नाही.) पैसा तुमचा-माझा, आणि बाकड्याच्या पाठीवर नाव साहेबांचं. आत्याच्या गल्लीत अशी चार बाकडी आहेत. चारही एकाच घरासमोर.

हजार कोटी आणले, हे खरे आहे काय?

पीडीएफ उघडून बेरीज केली. त्यात तालुक्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे, जो केंद्राचा आहे आणि साहेब राजकारणात नसते तरी इथूनच गेला असता. घरकुलं आहेत, किसान सन्मानचे हप्ते आहेत, आणि लाडकी बहीणसुद्धा आहे! तालुक्यात पन्नास हजार बहिणी धरल्या, तर महिना दीड हजाराप्रमाणे वर्षाला नव्वद कोटी होतात. बसल्या जागी नव्वद कोटी "आणले". असं मोजायचं तर पोस्टमन दरवर्षी गावात लाखोंची मनिऑर्डर आणायचा, त्याचाही सत्कार करायला हवा होता.

उरलेल्या आकड्यापुढे "मंजूर" लिहिलंय. मंजूर म्हणजे काय, हे एखाद्या ठेकेदाराला विचारा. आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश, मग काम, आणि मग बिल निघेल तेव्हा निघेल. थकीत बिलांसाठी राज्यभरचे ठेकेदार २०२५ ला रस्त्यावर उतरले होते, ते याच मंजूर कामांचे. आत्याच्या गावच्या तीन किलोमीटर रस्त्याचा नारळ दोनदा फुटलाय, एकदा मान्यतेला आणि एकदा आदेशाला. खडी अजून पडायची आहे.

तरीही न्याय म्हणून सांगतो, हातावर हात ठेवून बसलेल्या आमदाराच्या तालुक्यात पुरवणी मागण्यांतून, म्हणजे वर्षाच्या मध्ये मंजूर होणाऱ्या जादा खर्चातून, काही येत नाही. अर्थसंकल्पात काम घुसवायला मंत्रालयाच्या जिन्यांवर चपला झिजवाव्या लागतात. तेवढं श्रेय साहेबांचं. पण ते सांगायचं तर कामाचं नाव, लेखाशीर्ष (अर्थसंकल्पात तो खर्च कुठे दाखवलाय तो क्रमांक) आणि आज ते कुठल्या टप्प्यावर आहे, असे तीन रकाने छापावे लागतील.

अधिवेशनात आवाज उठवला, हे खरे आहे काय?

पीडीएफमधला फोटो विधानभवनाच्या पायऱ्यांवरचा आहे. गळ्यात फलक, हात वर. पायऱ्यांवर दिलेल्या घोषणेला कुठल्याही मंत्र्याला उत्तर द्यावं लागत नाही. आत विचारलेल्या तारांकित प्रश्नाला द्यावं लागतं, लक्षवेधीला निवेदन करावं लागतं, आणि ते सगळं कामकाजाच्या नोंदीत कायमचं राहतं. वर्षभराच्या तिन्ही अधिवेशनांच्या बैठका मिळून शंभर दिवसही भरत नाहीत. त्यातले कोण किती दिवस आत होता आणि आत काय बोलला, हाच खरा वर्षाचा हिशेब.

म्हणून दोन संध्याकाळी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर बसलो. साहेबांच्या नावावर फार काही नसेल असं धरूनच चाललो होतो. पण एक प्रश्न सापडला, आणि चांगला होता: तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदं रिक्त आहेत, हे खरे आहे काय, असल्यास ती केव्हा भरणार? उत्तर आलं, "हे अंशतः खरे आहे", आणि पुढे पदभरतीची कार्यवाही सुरू असल्याचं. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही. वर्षभरात साहेबांनी आमदार म्हणून केलेलं अस्सल काम हे, आणि कार्यकर्त्यांना ते टिक लावण्याजोगं वाटलं नाही. तिथे फोटो काढता येत नाही ना!

एकेकाळी विधान परिषदेचे सभापती असलेल्या वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना पुढे आणली. १९७२ च्या दुष्काळात तिच्यावर राज्य जगलं, १९७७ ला तिचा कायदा झाला, आणि २००५ ला दिल्लीने देशासाठी तसाच कायदा केला. आजच्या पीडीएफात हे कुठल्या टिकेखाली बसवलं असतं?

भावकीच्या ग्रुपवर मी एवढंच विचारलं, की पंचायत समितीची आमसभा शेवटची कधी झाली? ती वर्षातून एकदा व्हायची असते, अध्यक्षस्थानी आमदारच असतो, आणि तालुक्यातला कुणीही उठून कुठल्याही खात्याच्या अधिकाऱ्याला विचारू शकतो. भावाने अंगठा दाखवला. खाली चुलत्याने साहेबांच्या वाढदिवसाच्या रक्तदान शिबिराचं पोस्टर टाकलं.

आत्याला आता बरं आहे. सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालून येते. घरी आल्यावर चौथ्या दिवशी दोन कार्यकर्ते फळांची करंडी घेऊन आले, साहेबांनी विचारपूस केल्याचं सांगितलं, करंडी तिच्या हातात देऊन फोटो काढला आणि रेशनकार्डाचा नंबर लिहून घेतला. मी फोनवर चिडलो तर मलाच म्हणाली, "असू दे रे, मागून साहेबांनी फोन केलाच असेल की. त्याशिवाय का एका दिवसात मंजुरी येती?"