आटलेली आमटी आणि आमचा कूलर

आमच्या घरी कूलरमध्ये पाणी भरायचं खातं माझ्याकडे आहे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात उत्साहाच्या भरात घेतलं, ते अजून कुणी परत मागितलेलं नाही. मे महिन्यात इंदूरची हवा इतकी कोरडी होते, की दोरीवर टॉवेल टाकून दुसरा चिमटा शोधेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं. अशा हवेत कूलर पाणी पीत नाही, ढोसतो. दिवसाला ५० लिटर तरी. नर्मदेचं पाणी १९७८पासून सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून डोंगर चढवून आणतात. ते कूलरला घालणं म्हणजे पाप, असं आईचं मत. म्हणून कूलरला बोअरिंगचं.

यंदा कूलर गरम वारं फेकू लागला. मेकॅनिकनं बाजूची जाळी काढली, तर आत गवताच्या जागी पांढरं प्लॅस्टर! बोटानं टोकरलं तर खपल्या पडल्या.

"पानी बदलते हो कभी?"

मी अभिमानानं सांगितलं, "टाकी कभी खाली नहीं होने देता."

"वही तो, भिया!" म्हणाला आणि नवीन गवताचे पैसे सांगितले.

रात्री कागद घेऊन बसलो. उडतं ते पाणी; त्यात विरघळलेले क्षार जागचे हलत नाहीत. खायचं मीठ नुसतं वितळायलाच ८०१ अंश सेल्सिअस लागतात आणि इंदूर अजून तिथवर पोचलेलं नाही. मागे एक फिल्टरवाला आमच्या बोअरिंगच्या पाण्यात क्षार मोजायचं मीटर बुडवून १००० आकडा दाखवून गेला होता. (पिण्याच्या पाण्यात ५००च्या आत बरं म्हणतात. त्याला फिल्टर खपवायचा होता, तरी आकडा खरा धरू.) म्हणजे लिटरमागे हजार मिलिग्रॅम, एक ग्रॅम क्षार. दिवसाला ५० ग्रॅम. दोन महिन्यांत तीन किलो! कंबर मोडेस्तोवर बादल्या वाहून मी घरात तीन किलो दगड आणून ठेवले होते, तेही हप्त्याहप्त्यानं. बरं, मीठ म्हणून वरणात घालावं, तर तेही नाही. माळव्याच्या काळ्या दगडातून मुरताना पाणी कॅल्शियम घेऊन येतं. हवेत आलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि मागे बसते ती बहुतेक चुनखडी.

हा शोध मी सकाळी पोहे खाताना जाहीर केला. आईनं पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याची डबी पुढे सरकवली.

"आमटी आटली की खारट होते, यात कागद कशाला लागतो?"

"पण मी वरून पाणी घालत होतो ना!"

"मिठाचंच घालत होतास. आटलेल्या आमटीत दुसरी आमटी ओतून ती अळणी होते का रे?"

बायको चहाच्या कपात हसली.

पत्र्यावरची पापडी व्हिनेगर टाकल्यावर फसफसत सुटली. स्वयंपाकघरातली अख्खी बाटली संपली, त्याचं वेगळं ऐकून घेतलं. आता दर चौथ्या दिवशी टाकीचं बूच काढून सगळं पाणी सोडून देतो. पहिल्या वेळी जीव तुटला. एवढं पाणी मोरीत कशाला, म्हणून बादली घेऊन अंगणात निघालो, तर आई तुळशीपुढे हात आडवा धरून उभी. बोलली काही नाही. कुंडीच्या काठावरचं पांढरं कडं फक्त बोटानं दाखवलं.

ते गेल्या वर्षीचं. माझंच.