विमानाखाली राहणाऱ्यांना चार समजुतीचे शब्द

डोक्यावरून विमानं जातात म्हणून चिडचिड होते? आधी स्वतःला तपासा. गेल्या पन्नास वर्षांत इंजिनं कितीतरी शांत झाली आहेत. तेव्हा बिघाड असलाच तर तो तुमच्यात.

१९७८ सालची माणसं कशी गुणी होती बघा. त्या वर्षी शुल्ट्झ नावाच्या संशोधकाने वाहतुकीच्या आवाजाचा आलेख मांडला. त्यात ६५ डेसिबलला शंभरातले जेमतेम बाराच जण फार वैतागत. अमेरिकेच्या विमान खात्याने हा आलेख उराशी धरला आणि ६५ची लक्ष्मणरेषा पाळली. पुढे वीस विमानतळांभोवतीच्या दहा हजारांवर रहिवाशांना नव्याने विचारलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले, तर त्याच ६५ला शंभरातले साठ-सत्तर जण वैतागलेले! रेषा अर्थातच जागची हलली नाही. माणसं बिघडली म्हणून आकडा का बिघडवायचा? (जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी ४५च्या खाली राहा असं सुचवलं. पण आरोग्यवाले काय, सगळंच कमी करा म्हणतात.)

उपाय एकच. सरासरीत ऐकायला शिका. हे ६५ म्हणजे एका विमानाचा आवाज नव्हे, चोवीस तासांची सरासरी. रात्री दहा ते सकाळी सातच्या विमानांना वर दहा डेसिबल जादा धरतात. तुमच्या झोपेची एवढी कदर होते. या हिशेबात एक गर्जणारं विमान आणि दहा डेसिबलने शांत अशी दहा विमानं सारखीच. म्हणजे फोनवर "एक मिनिट हं, विमान..." म्हणून पूर्वी एकदा थांबायचात, आता दहादा थांबता. खिडकीचं तावदान थरथरतं, पलीकडचा "हॅलो, हॅलो" करून कंटाळतो आणि फोन ठेवतो. त्याला पुन्हा फोन लावा आणि सरासरी तीच आहे हे नीट समजावून सांगा. मध्ये विमान आलं, तर थांबा.

शिवाय उपग्रहांच्या कृपेने विमानं आता आखून दिलेल्या चिंचोळ्या वाटेनेच जातात. पूर्वी चार वस्त्यांत वाटला जाणारा आवाज अख्खा तुमच्या वाट्याला. असा मान सगळ्यांना मिळत नाही. अमेरिकेतल्या फीनिक्स शहराला त्याची कदर नव्हती. २०१४ मध्ये बदललेल्या मार्गांविरुद्ध ते कोर्टात गेलं आणि २०१७ मध्ये जिंकलंसुद्धा.

तक्रार करायचीच असेल तर बेताने करा. कमी केल्यात, तर कुणाला त्रासच नाही असं धरतील. जास्त केल्यात, तर वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाची गोष्ट ऐका. तिथे २०१५ मध्ये ८,७६० तक्रारी आल्या, पैकी ६,८५२ एकाच घरातून. मग विमानांपेक्षा त्या घराचीच चर्चा जास्त झाली.