बत्तीसचे लाडू

परवा माझं पेन गेलं. निळ्या शाईचं, पार्करचं, निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेलं. ते कुणी नेलं हे मला पक्कं ठाऊक आहे. पण ज्याने नेलं त्याच्या घरी ठासणीची बंदूक आहे, म्हणून मी मागायला जाणार नाही.

झालं असं, की मला बंदुकीचा परवाना काढायचा होता. वांदर आणि डुक्कर ही दोन कारणं कोकणात कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. तिसरं जरा खाजगी होतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हापासून आपणही कुठेतरी चार फैरी झाडून बघाव्यात असं मनात होतं. (ती स्पर्धा गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून अशी तीन तऱ्हांनी होते. त्यातलं पालथं पडणं मला जमतं.)

तर कचेरीबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्ज टाइप करून घेत होतो. दुकान म्हणजे टपरीच. आत टाइप करणारा पोरगा, बाहेर बाकावर सातबारा, आधार आणि रेशनकार्डं घेऊन बसलेली आठ-दहा माणसं. पोरग्याने कारण विचारलं. मी हळूच सांगितलं, ‘वन्य प्राण्यांपासून संरक्षण, आणि नेमबाजीची हौस.’ त्याने टाइप केलं आणि खात्री करायला मोठ्याने वाचलं, ‘वन्य प्राण्यांपासून संरक्षण व करमणूक.’

‘प्राण्यांपासून करमणूक तर आमची रोजच होता,’ बाकावरून आवाज आला.

आख्खा बाक हसला. लॅमिनेशन करणारी मुलगीसुद्धा हसली. आवाज होता एका आजोबांचा. गुडघ्यापर्यंत पंचा, वर इस्त्रीचा शर्ट, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत जुन्या परवान्याचे कागद. नूतनीकरणाला आलेले.

‘खंयची घेतंस?’

‘बत्तीसची रिव्हॉल्व्हर बघतोय.’

‘बत्तीस!’ आजोबांनी पिशवी बाजूला ठेवली. हे वाईट लक्षण. ‘चाकरमानी मा तू? बोअर म्हणजे काय, म्हायत आसा? एक पौंड शिसा घेवचा. तेचे सारके बारा गोळे वळूचे. त्या एका गोळ्याएवढी नळी, ती बारा बोअर. लाडू वळतत तसा. आता तेच पिठाचे बत्तीस वळलंस, तर लाडू केवढो?’

‘बारको,’ बाक एका सुरात म्हणाला.

‘मगे? डुकराक बुंदीचो दाणो मारतलंस?’

बारा बोअरचा हिशेब त्यांनी अगदी बरोबर सांगितला होता. ती नळी साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास भरते. पण रिव्हॉल्व्हरचं गणित वेगळं. मी समजावून सांगितलं, की .३२ म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले बत्तीस, साधारण आठ मिलिमीटर. इथे लाडू नाहीत. इथे आकडा मोठा तर गोळी मोठी.

‘आणि बावीस?’

‘साडेपाच मिलिमीटर. ती नेमबाजीची.’

आजोबांनी डोळे मिटून हिशेब केला. ‘बावीस लाडवांतलो एक लाडू, बत्तीस लाडवांतल्या एका लाडवापेक्षा मोठो. बावीस घे.’

‘बावीसच घ्या हो भाऊ,’ आधारकार्डवाल्या बाई कळवळून म्हणाल्या.

मला राग कशाचा आला सांगू? आजोबांचं गणित चूक होतं आणि उत्तर बरोबर. अंगावर येणाऱ्या डुकराला बत्तीसची गोळी खरोखरच अपुरी. त्याहून दणकट म्हणावी अशी .३८ किंवा ९ मिमी घ्यायची तर ते बोअर सामान्य माणसाला बंद. आणि पीक राखायला १९५९ च्या शस्त्र कायद्यात नाव घेऊन लिहिलेली बंदूक कुठली? ठासणीची. म्हणजे आजोबांच्या घरी खुंटीला आहे तीच. संरक्षण नि खेळासाठी म्हणाल तर निदान २० इंच नळीची. माझ्या कमरेला २० इंच लावले तर मला खाली बसता येणार नाही.

‘आणि वाघ इलो तर?’ आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात.

‘१९७२ च्या वन्यजीव कायद्यात आहे,’ मी आता इरेला पेटलो होतो. ‘जीव वाचवताना नाइलाजाने मारला तर गुन्हा नाही. मेलेला वाघ सरकारजमा.’

‘आणि तू मेलंस तर खंय जमा?’

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. रात्री दोन वाजता जाग येते तेव्हा मी शोधत असतो.

तसं आजोबांचंही दुखणं होतंच. बंदूक आहे, पण आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करायची नोटीस. रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोकसभेचं मतदान २०१९ ला २३ एप्रिलला, २०२४ ला ७ मेला. हापूस कधी तयार होतो? तेव्हाच. माणसं मत देतात, वांदर आंबा घेतात. आणि घेतात तेही कसे, एक चावा मारून टाकून देतात, की पुढचा. सकाळी कलमांखाली एकेका दाताच्या खुणेचे आंबे गोळा करताना मला जे वाटतं ते इथे लिहिता येणार नाही. फवारणी माझी, खत माझं, राखणदाराचा पगार माझा. दादरचा चुलतभाऊ फोनवर म्हणतो, ‘अरे, मुळात जंगल त्यांचंच ना.’ असेल. मग पेटीही त्यांच्याकडूनच घे, माझ्याकडे अर्ध्या भावात कशाला मागतोस?

असो. आजोबांचा नंबर लागला. ‘सयेक पेन दी रे.’ मी दिलं. त्यांनी तीन ठिकाणी सही केली, जिभेचं टोक बाहेर काढून, एकेक अक्षर दगडावर कोरल्यासारखं. शेवटच्या अक्षराला वेलांटी दिली, ती लांबून बघितली, टोपण लावलं, पेन शर्टाच्या खिशात घातलं, पिशवी उचलली आणि ‘ठासणीची घे, ठासणीची’ म्हणत यष्टीकडे चालू लागले. बाक त्यांच्याकडे कौतुकाने बघत होता. मीसुद्धा बघत होतो, हे नंतर आठवून जास्त चीड आली.

पोरग्याने माझा अर्ज छापून हातात दिला. करमणूक तशीच होती. चाळीस रुपये.

‘बोअरचा रकाना मी रिकामा ठेवलाय, काका,’ तो म्हणाला. ‘तुमचं ठरलं की पेनाने भरा.’

मी खिशाकडे हात नेला.