‘सिरीजमध्ये जोडा, करंट वाढवा’: स्टेपर मोटरचा हा सल्ला स्पीडला का टिकत नाही

लकडगंजच्या फर्निचर कारखान्यांपासून हिंगणा एमआयडीसीच्या शेडपर्यंत, नागपुरात जिथे जिथे सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारी मशीन) लागलेत तिथे सध्या एक मेसेज फिरतोय. या मशीनचे अक्ष फिरवते ती स्टेपर मोटर, म्हणजे ठरलेल्या छोट्या पावलांनी (स्टेपनी) फिरणारी मोटर. मेसेजमधला सल्ला थोडक्यात असा: ८ वायरची स्टेपर मोटर सिरीजमध्ये जोडा, टॉर्क (फिरवण्याची ताकद) दुप्पट मिळतो. स्पीडला मोटर स्टेप सोडत असेल तर ड्रायव्हरचा, म्हणजे मोटरला करंट देणाऱ्या सर्किटचा, करंट वाढवा. मोटरवर ३ व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणून २४ व्होल्टच्या वर जाऊ नका, वाइंडिंग जळेल. तरीही जमलं नाही तर मोठी मोटर बसवा.

हा सल्ला पाळून लोकांचे पैसे जातात आणि लाकूडही जातं. सागवानी पल्ल्यावर वेलबुट्टी कोरताना एक अक्ष २ मिमी सरकला की पुढची सगळी नक्षी तेवढीच सरकते आणि अख्खा पल्ला बाद होतो. म्हणून एकेक मुद्दा नीट बघू.

आधी सिरीज, कारण बाकीचा घोळ तिथूनच निघतो. ८ वायरच्या मोटरमध्ये प्रत्येक फेजच्या दोन अर्ध्या वाइंडिंग (तारेचे वेढे) असतात. त्या एकामागे एक जोडल्या की सिरीज, शेजारी-शेजारी जोडल्या की पॅरलल. मोटर उभी असताना टॉर्क ठरतो तो करंट आणि वेढे यांच्या गुणाकारावर. सिरीजमध्ये एकाच करंटला दुप्पट वेढे मिळतात, हे खरं. पण मोटर किती करंट सोसते हे ठरतं तापण्यावरून. युनिपोलर रेटिंग (एका वेळी एकच अर्धी वाइंडिंग वापरतानाचं) ३ अँपिअरचं असेल तर सिरीजमध्ये २.१ अँपिअर चालतो आणि पॅरललमध्ये ४.२. पॅरललचे ४.२ दोन अर्ध्या वाइंडिंगमध्ये वाटले जातात, म्हणजे प्रत्येकीत पुन्हा २.१च. तांब्यातून जाणारा करंट दोन्हीकडे सारखा, उष्णता सारखी, म्हणून होल्डिंग टॉर्क, म्हणजे मोटर उभी असतानाचा टॉर्कही सारखाच. मेसेजमध्ये तथ्य असलंच तर एवढंच, की ड्रायव्हर जेमतेम २ अँपिअरचा असेल तर हळू चालणाऱ्या मशीनला सिरीज फायद्याची पडते.

राउटर मात्र हळू चालत नाही. वेढे दुप्पट झाले की इंडक्टन्स, म्हणजे करंट बदलायला वाइंडिंगचा होणारा विरोध, चौपट होतो. अर्ध्या वाइंडिंगचा इंडक्टन्स २ मिलिहेन्री धरला तर पॅरललमध्ये तो २ राहतो आणि सिरीजमध्ये ८ होतो. आता हिशेब करा. ५ मिमी पिचचा बॉलस्क्रू (एका फेरीत अक्ष ५ मिमी सरकवणारा स्क्रू) ३००० मिमी प्रति मिनिट फीडला, म्हणजे सरकण्याच्या वेगाला, ६०० आरपीएम फिरतो. एका फेरीत २०० स्टेपची मोटर म्हणजे सेकंदाला २००० फुल स्टेप, एका स्टेपला अर्धा मिलिसेकंद. सिरीजमध्ये २४ व्होल्टवर करंट शून्यापासून २.१ अँपिअरवर चढायला साधारण ०.७ मिलिसेकंद लागतात. करंट भरायच्या आतच पुढच्या स्टेपची वेळ होते. तीच मोटर पॅरललमध्ये घ्या: ०.३५ मिलिसेकंद. पॅरलल ठेवून ४८ व्होल्ट द्या: ०.१८. यात रेझिस्टन्स आणि फिरत्या मोटरचा उलटा व्होल्टेज, म्हणजे बॅक ईएमएफ, धरलेलाच नाही. तो धरला तर सिरीजची गत आणखी वाईट होते, कारण बॅक ईएमएफसुद्धा सिरीजमध्ये दुप्पट असतो.

दुसरा मुद्दा करंट वाढवण्याचा. याचं उत्तर वरच्या हिशेबातच आहे. ड्रायव्हरच्या डिप स्विचवर (छोट्या खटक्यांवर) आपण लावतो ती करंटची वरची मर्यादा. स्पीडला करंट त्या मर्यादेपर्यंत पोचतच नसेल, तर मर्यादा वर सरकवून काय मिळणार? मिळते फक्त उष्णता, तीही मोटर उभी किंवा हळू असताना. ४.२ चे ५ अँपिअर केले की वाइंडिंगमधली उष्णता ४० टक्क्यांनी वाढते. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये आधीच ४५ अंश असतात, त्यात ही भर कशाला?

तिसरा मुद्दा सगळ्यात जास्त भीती घालणारा आहे आणि सगळ्यात चुकीचाही. मोटरवरचे ३ व्होल्ट म्हणजे रेटेड करंट गुणिले रेझिस्टन्स, बाकी काही नाही. आजचे ड्रायव्हर चॉपर पद्धतीचे असतात: पूर्ण व्होल्टेज लावतात, करंट ठरलेल्या आकड्यावर पोचला की तोडतात, पुन्हा लावतात. करंट आटोक्यात आहे तोवर ४८ व्होल्टने वाइंडिंग जळत नाही. हाताला चटका बसला म्हणून मोटर गेली असंही नाही. बाहेरून ८० अंशांपर्यंत तापणं बहुतेक मोटरना चालतं, आतलं क्लास बी इन्सुलेशन १३० अंशांचं असतं.

व्होल्टेजला मर्यादा आहेच, पण ती वेगळ्या कारणाने. व्होल्टेज फार वाढवलं की मोटरचं लोखंड तापायला लागतं. त्यासाठी एक अंदाज वापरतात: मिलिहेन्रीतल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ गुणिले ३२. आपल्या पॅरलल मोटरला ते ४५ व्होल्ट येतं. सिरीजला ९० येतं, म्हणजे स्पीडला तोच टॉर्क हवा तर दुप्पट व्होल्टेजचा सप्लाय घ्या! दुसरी मर्यादा ड्रायव्हरची. टीबी ६६०० या ड्रायव्हरला ४२ व्होल्टच्या वर देऊ नका. डीएम ५४२ ला ५० चालतात, पण मोटर झपकन थांबताना सप्लायकडे व्होल्टेज परत फेकते, म्हणून मी तिथे ३६ व्होल्टचाच एसएमपीएस (पॉवर सप्लाय) सुचवतो.

मोठ्या मोटरबद्दल फार लिहायची गरज नाही. नेमा २३ च्या जागी नेमा ३४ (हे मोटरच्या आकाराचे क्रमांक) बसवली की रोटर जड होतो, इंडक्टन्स बहुतेक वेळा वाढतो, आणि सप्लाय तोच २४ व्होल्टचा राहिला तर ६०० आरपीएमला ती जुन्या मोटरपेक्षाही कमी ओढू शकते.

सिरीज काढून पॅरलल करणार असाल तर वायरच्या रंगांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. ड्रायव्हरपासून मोटर पूर्ण सोडवा, आणि तीही सप्लाय बंद करूनच, नाहीतर ड्रायव्हर जातो. मग मल्टिमीटरने चार जोड्या शोधा. एका जोडीच्या दोन वायर एकमेकींना टेकवून शाफ्ट बोटांनी फिरवा: अडखळत, जड फिरेल. सोडल्या की पुन्हा हलका. कोणत्या दोन जोड्या एका फेजच्या आणि त्यांची सुरुवात कुठली, हे डेटाशीटवरून पक्कं करा. एक अर्धी उलटी जोडली गेली तर दोघींचं चुंबकत्व एकमेकांना खोडतं आणि त्या फेजचा टॉर्क जवळजवळ शून्य होतो.

आणि सप्लाय, वायरिंग सगळं नीट असूनही मोटर ६०० आरपीएमच्या आसपासच अडत असेल, तर कंट्रोलर, म्हणजे ड्रायव्हरला स्टेपचे पल्स पाठवणारा भाग, तपासा. आर्डुइनो उनो बोर्डवरचं जीआरबीएल (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) सेकंदाला साधारण ३०,००० पल्स देतं. १६ मायक्रोस्टेपवर (एका फुल स्टेपचे १६ भाग) ६०० आरपीएमला ३२,००० लागतात. दुखणं टॉर्कचं वाटतं, असतं पल्सचं. ड्रायव्हर ८ मायक्रोस्टेपवर घ्या आणि कंट्रोलरमधलं दर मिमीच्या स्टेपचं सेटिंग ६४० वरून ३२० करा.