बेसी स्मिथची गोष्ट तिच्या मरणापासून सुरू करू नका

बेसी स्मिथ, अमेरिकेतली ब्लूज, म्हणजे काळ्या लोकांची दुःखाची गाणी, गाणारी काळी गायिका. तिचं नाव निघालं की हमखास एकच गोष्ट सांगितली जाते. अपघात झाला, गोऱ्यांच्या इस्पितळाने दारातून परत पाठवलं आणि ती रक्तस्रावाने गेली. मीही कित्येक वर्षं हेच सांगत होते. पण ते तसं घडलं नव्हतं. २६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे मिसिसिपीत, क्लार्क्सडेलजवळ हायवे ६१ वर तिची गाडी ट्रकवर आदळली. वाटेने जाणारे एक गोरे डॉक्टर थांबले, रस्त्यावरच त्यांनी उपचार सुरू केले. रुग्णवाहिकेने तिला थेट काळ्या लोकांच्या इस्पितळात नेलं. दुसरीकडे न्यायचा विचारही कुणाच्या मनात येऊ नये, असा तो मुलूख होता. अन्याय होताच, फक्त त्याला दारातून परत पाठवायची गरज पडली नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. त्या गोष्टीत बेसी बिचारी होऊन जाते. आणि ती बिचारी कधीच नव्हती हो!

टेनेसीतल्या चॅटनूगाची पोर. आईबाप लहानपणीच गेले, भाऊ गिटार वाजवायचा आणि ही रस्त्यावर गायची. पुढे फिरत्या तंबूतले खेळ, आपल्याकडच्या तमाशाच्या फडासारखे, गावोगाव. १९२३ साली कोलंबिया कंपनीने तिची पहिली रेकॉर्ड काढली, ती लाखोंनी खपली. तिला सुरुवातीला एका गाण्याचे १२५ डॉलर मिळायचे, खपावर मात्र छदामही नाही. तेव्हा मायक्रोफोनही नव्हता, भोंग्यात तोंड घालून गायचं. त्या रेकॉर्डच्या खरखरीतून तिचा आवाज आजही समोर येऊन उभा राहतो.

१९२७ च्या जुलैत नॉर्थ कॅरोलिनात कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेची माणसं तिच्या तंबूचे खुंटे उपटायला आली. बेसी बाहेर गेली, मूठ उगारली आणि त्यांना अशा शिव्या घातल्या की ती माणसं अंधारात निघून गेली. मग आत येऊन तिने उरलेला कार्यक्रम पुरा केला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत तिने ‘बॅकवॉटर ब्लूज’ गायलं होतं. पुरात घर गेलेल्या बाईचं गाणं. पियानोवर जेम्स पी. जॉन्सन, आणि त्यांचा डावा हात खाली पाण्यासारखा घुमत राहतो. बेसी आवाज चढवत नाही, रडत नाही. बाई टेकडीवर उभी राहून खाली आपलं घर बघते, एवढंच. दोन महिन्यांनी मिसिसिपी नदीला महापूर आला आणि लोकांनी ते गाणं आपलं केलं. आमच्या सांगलीत २०१९ ला घरात पाणी शिरलं, वरच्या मजल्यावरून आम्ही बुडालेला ओटा बघत होतो, तेव्हापासून मला ते गाणं एका दमात पुरं ऐकवत नाही.

फिलाडेल्फियात तिच्या अंत्ययात्रेला हजारो लोक आले, पण थडग्यावर ३३ वर्षं दगड नव्हता. १९७० साली तो बसला. निम्मे पैसे रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनने दिले, तिचं नाव सगळे घेतात. उरलेले ह्वानिटा ग्रीन यांनी दिले. लहानपणी दर शनिवारी त्या बेसीच्या घरची फरशी पुसायच्या. त्यांचं गाणं ऐकून बेसीने त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, शाळा सोडू नकोस. त्या शिकल्या, नर्स झाल्या आणि पुढे तिच्या दगडाचे पैसे घेऊन आल्या.