बाराचे चार

आमच्या ऑफिसात ज्याला प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढता येतो, त्याला संगणकातलं सगळं कळतं असं धरून चालतात. त्या न्यायाने सर्व्हर बसवायचं नियोजन माझ्या गळ्यात पडलं. नारायण पेठेतल्या जुन्या वाड्याचा पहिला मजला, करसल्लागाराचं ऑफिस, साहेब धरून सात माणसं. आजवर सर्व्हर म्हणजे अकाउंट्सच्या ताईंचा संगणक. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा त्यात, बाकीचे नेटवर्कवरून त्यात डोकावणार. ताईंच्या घरी मंगळागौर असली की इथे सहा जण वर्तमानपत्र वाचत बसतात.

मी साहेबांना सर्व्हर म्हणून दोन डिस्कचा एनएएस सुचवला, म्हणजे सगळ्यांच्या फाइली नेटवर्कवर सांभाळणारा डबा. चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क, रेड १ नावाच्या जोडणीत. एकीवर जे लिहिलं जाईल ते तसंच्या तसं दुसरीवर. एक मेली तरी काम थांबत नाही.

"म्हणजे आठचे पैसे देऊन वापरायला चारच?" साहेब तीस वर्षं लोकांचे ताळेबंद तपासतायत, त्यांना हे लगेच दिसलं.

"हो. पण साहेब, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी चुकून फाइल उडवली तर ती दोन्हीकडून सारख्याच निष्ठेने उडते. फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारं रॅन्समवेअर शिरलं तर दोन्ही डिस्क गेल्या. म्हणून तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक ऑफिसबाहेर. तिसरी डिस्क तुमच्या कोथरूडच्या घरी राहील."

"आता बाराचे पैसे. वापरायला?"

"चारच."

क्लाउडचा पर्यायही मी मांडला. दरमहा पैसे भरावे लागतील हे ऐकून साहेब म्हणाले, "आपल्याच वस्तूला भाडं? अरे, मी या वाड्याचं भाडं वाढू दिलेलं नाही अजून."

वीज जाताच सर्व्हरला बॅटरीवर घेणाऱ्या यूपीएसवर मात्र वाद झाला नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पुण्यात कुणाला पटवावं लागत नाही. इन्व्हर्टर आहेच की, असं साहेब म्हणाले. पण इन्व्हर्टर सुरू व्हायला लागणारा क्षण पंख्याला चालतो, सर्व्हरला चालेलच असं नाही. यूपीएसने दहा मिनिटं दिली तरी पुरे, तेवढ्यात सर्व्हर नीट बंद करता येतो.

खरी लढाई जागेची. एसी एकट्या साहेबांच्या केबिनमध्ये, पण तिथे सर्व्हरच्या पंख्याने साहेबांचं चित्त ढळणार. माळ्यावर पत्रा, एप्रिलात तिथे पापड वाळतील. मोरीशेजारी चहाचा गॅस. उरली रेकॉर्डची खोली. जीएसटीचा कायदा म्हणतो, वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपा. साहेब कायद्याच्या पुष्कळ पुढे आहेत. त्या खोलीत राजीव गांधी पंतप्रधान असतानाची चलनं आहेत आणि ती खाऊन धष्टपुष्ट झालेले उंदीर आहेत. त्यांच्यापुढे वायर ठेवायची म्हणजे पंगत वाढायची. शेवटी वाडा बांधणाऱ्याने समईसाठी ठेवलेला बाहेरच्या खोलीतला कोनाडा पसंत पडला. पट्टी लावून पाहिलं, सर्व्हरचा डबा मावून मागे हवेला चार बोटं जागा उरते. कोनाड्यात सध्या ताईंचा जेवणाचा डबा असतो. त्यांचं पुनर्वसन बाकी आहे.

नेटवर्कच्या वायरसाठी तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने विचारलं, "अस्सल तांबं की तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम?" दोन्हींची किंमत ऐकून साहेबांना फोनवर मुलामाच आवडला. त्यांना अस्सलकडे वळवताना माझा घसा बसला. कॅट ६ जातीची ही वायर एका दमात १०० मीटर धावते, आमचं ऑफिस त्याच्या पावही नाही. पण मधल्या भिंतीला भोक पाडायला घरमालक काका तयार नाहीत. "या भिंतीने १९६१ चा पानशेतचा पूर सोसलाय. तुमचं ड्रिल सोसायची नाही." त्यामुळे वायर दारावरून, खिडकीवरून, साहेबांच्या डोक्यावरून प्रदक्षिणा घालत जाणार. अख्खं खोकं ३०५ मीटरचं येतं. उरलेल्यावर काकूंचे कपडे वाळत घालू देणार असाल तर खिळे ठोका, इथवर काका खाली आले आहेत.

मग सर्व्हरचं नाव. मी पेठांतले देव सुचवले. खुन्या मुरलीधर साहेबांनी तात्काळ फेटाळला: "अशिलाला काय सांगू, तुमचा हिशेब खुन्याकडे आहे?" सर्व्हर झाला पत्र्या मारुती. सदैव कागद मागणाऱ्या प्रिंटरला उपाशी विठोबा एकमताने मिळालं. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणाऱ्या आयपी पत्त्यांत मात्र साहेबांनी १९२.१६८.१.९ स्वतःच्या संगणकासाठी राखून घेतला, कारण गाडीच्या नंबराची बेरीज नऊ येते.

राहिली तारीख. जीएसटीच्या विवरणपत्रांपैकी ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, त्यामुळे महिन्याच्या मध्ये काही नको. पुढे गणपती, रस्ते बंद. पुढे पितृपक्ष, नवी वस्तू नको. ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिट, तेव्हा तर ऑफिसात श्वासही परवानगीने घ्यायचा. मी दसरा सुचवला.

"उत्तम," साहेब म्हणाले. "आदल्या दिवशी आण. दसऱ्याला पूजा करू. जोडायचं मात्र दिवाळीनंतर बघू, ३१ ऑक्टोबरपर्यंत रिटर्न्स आहेत."